ओयामाची वन डे ट्रिप : नोव्हेंबरात जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ऑक्टोबर संपत आला की फोन सुरू होतात. कुणाचे आईवडील भारतातून इकडं जपानात आलेले असतात, कुणाला निक्कोसारख्या प्रसिद्ध ठिकाणची गर्दी नको असते, कुणी नुसतंच "तुम्ही ते डोंगरावरच्या देवळात जाता ना, ते कुठलं हो?" म्हणून विचारतं. तेच तेच टाईप करून बोटं दुखली, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून टाकते. मी आत्तापर्यंत सात वेळा गेलेय, त्यातल्या दोन वेळा फसलेय, तेही सांगते.

हे ओयामा नक्की कुठलं? मॅपवर तीन-चार दिसतायत.

पहिला घोळ इथंच होतो. तोचिगी प्रांतात ओयामा नावाचं शहर आहे, तिथं शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन थांबते, ते नाही. तोक्योतच इताबाशीकडे ओयामा नावाचं लोकलचं स्टेशन आहे, तेही नाही. आणि तोत्तोरीकडे याच अक्षरांनी लिहिलेला पण दाइसेन म्हणून वाचायचा डोंगर आहे, तो तर पार लांब. आपला ओयामा कानागावा प्रांतातला, इसेहारा शहराजवळचा, तानझावा डोंगररांगेच्या पूर्वेच्या टोकाला, उंची १२५२ मीटर. मॅपमध्ये "ओयामा आफुरी जिंजा" टाका म्हणजे चुकणार नाही. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब खरंच तोचिगीला जाऊन उतरलं होतं, तिथं त्यांना गाव छान वाटलं म्हणे, पण डोंगर काही सापडला नाही.

आफुरी म्हणजे ते रामेनवालं का?

हो, आफुरी या रामेनच्या, म्हणजे जपानी नूडल्सच्या, चेनचं नाव याच डोंगरावरून पडलंय. डोंगराचं जुनं नाव आफुरी-यामा किंवा आमेफुरी-यामा, म्हणजे पाऊस पडणारा डोंगर. समुद्रावरून येणारी दमट हवा इथं पहिल्यांदा अडते, माथ्यावर ढग बसतो, आणि खालच्या सपाटीवरचे शेतकरी तो ढग बघून पावसाचा अंदाज बांधायचे. दुष्काळ पडला की इथंच येऊन पाऊस मागायचे. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नकोच.

जायचं कसं?

शिंजुकुहून ओदाक्यू लाईन, ओदावाराकडे जाणारी एक्सप्रेस पकडा, इसेहाराला उतरा, साधारण तासभर लागतो. नॉर्थ एक्झिटला बाहेर पडलात की ४ नंबरच्या स्टॉपवर "ओयामा केबल"ची बस, ती अर्ध्या तासात शेवटच्या स्टॉपवर सोडते, तिथून पायऱ्या चढत पंधरा-वीस मिनिटं केबल कारच्या स्टेशनापर्यंत, आणि केबल कारने सहा मिनिटं. ट्रेनला आणि बसला सुइका, म्हणजे पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड, चालतं. ओदाक्यूचा तानझावा-ओयामा फ्री पास मिळतो, त्यात ए आणि बी असे दोन प्रकार आहेत, ए मध्ये केबल कार धरलेली आहे, बी मध्ये नाही, आणि घाईत माणूस स्वस्त म्हणून बी घेतो आणि मग वर जाऊन चिडतो. दर अधूनमधून बदलतात, आदल्या दिवशी साइटवर बघून घ्या.

गाडी घेऊन जायचा विचार असेल तर नोव्हेंबरच्या रविवारी करू नका. वर जाणारा रस्ता एकच आणि अरुंद, खालची पार्किंग सकाळीच भरतात.

पानं कधी लाल होतात?

माथ्याकडची झाडं आधी रंगतात, खालची नंतर. लोक जो फोटो बघून येतात, म्हणजे पायऱ्यांवर दोन्ही बाजूंनी वाकलेले लालभडक मोमिजी म्हणजे मेपल, तो ओयामादेरा देवळाचा आहे आणि तो नोव्हेंबरच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत. एखादं वर्ष उन्हाळा लांबतो आणि सगळं आठवडाभर पुढं सरकतं. २३ नोव्हेंबरच्या सुट्टीला मात्र टाळा. शक्य असेल तर एक दिवस रजा टाका आणि मंगळवार-बुधवारी जा, मी हे दरवर्षी सांगते आणि दरवर्षी लोक रविवारीच जातात आणि संध्याकाळी मला बसच्या रांगेचा फोटो पाठवतात.

केबल कार म्हणजे रोपवे ना?

नाही, जपानमध्ये केबल कार म्हणजे रुळावरून दोराने ओढली जाणारी गाडी. वणीला सप्तशृंगी गडावर जी फनिक्युलर ट्रॉली आहे ना, तोच प्रकार. दोन गाड्या एकाच दोराच्या दोन टोकांना, एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. ओयामाची लाईन ८०० मीटर लांब, तेवढ्यात २७८ मीटर उंची चढते. पहिली १९३१ साली सुरू झाली, युद्धाच्या काळात रूळ काढून नेले, मग १९६५ ला परत चालू झाली, आणि आत्ताच्या हिरव्या, मोठ्या काचांच्या गाड्या २०१५ च्या. खाली बघणाऱ्या बाजूला उभे राहा. साधारण वीस मिनिटाला एक गाडी सुटते.

आईबाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

खरं सांगू का, केबल कार आहे म्हणजे पायऱ्या नाहीत असं अजिबात नाही. बस स्टॉपपासून केबल कारच्या स्टेशनापर्यंत कोमा-सांदो नावाची गल्ली आहे, दोन्ही बाजूंना दुकानं आणि मध्ये ३६२ पायऱ्या. त्या काही एकदम सरळ नाहीत, टप्प्याटप्प्याने आहेत, असे २७ टप्पे, आणि टप्प्यावर फरशीत छोट्या भोवऱ्याचं चित्र बसवलेलं असतं, ते मोजत गेलं की पोरांना कंटाळा येत नाही. वर केबल कारमधून उतरलात की देवळाच्या अंगणापर्यंत परत दगडी पायऱ्या आहेत. व्हीलचेअर किंवा बाबागाडीवाल्यांसाठी ही जागा नाही, उगाच आशा लावत नाही.

माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या असताना चढल्या. दर टप्प्यावर दुकान, दुकानात बाकडं, बाकड्यावर बसलं की दुकानातली बाई चहाचा कप पुढं करते, मग काहीतरी घ्यावं लागतं, असं करत ज्या गल्लीला पंधरा मिनिटं लागतात तिथं आम्हाला सव्वा तास लागला आणि पिशवी भरली. पण चढल्या. जेजुरी चढलेल्या माणसाला हे जमतं, फक्त घाई करायची नाही.

मधल्या स्टेशनला उतरायचं का?

हो. हो. हो. या सगळ्या पानातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा, ओयामादेराला उतरा. शंभरातले बरेच जण डायरेक्ट वर जातात, समुद्राचा फोटो काढतात, खाली येतात, आणि या डोंगराची निम्मी गोष्ट गाडीच्या काचेतून मागं जाते.

गोष्ट अशी. आज वर शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, देऊळ आहे आणि मध्ये बौद्ध देऊळ आहे, आपल्याला वाटतं पहिल्यापासून असंच असणार. तसं नाही. हजार वर्षांहून जास्त काळ हा सगळा डोंगर एकच देवस्थान होतं, देव आणि बुद्ध एकाच छपराखाली, पुजारी आणि भिक्षू मिसळलेले, कुणाला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. ओयामादेराची स्थापना ७५५ साली रोबेन नावाच्या भिक्षूने केली असं सांगतात. आज जिथं वरचं शिंतो देऊळ आहे तिथं तेव्हा या बौद्ध देवळाचाच मुख्य मंडप होता. मग १८६८ ला मेइजी सरकार आलं आणि त्यांनी हुकूम काढला की शिंतो वेगळं, बौद्ध वेगळं. वरचा मंडप पाडला. मूर्ती वाचली, लोकांनी वर्गणी काढून खाली मधल्या जागी नवीन देऊळ बांधलं, ते १८८५ चं, तेच आज आपण बघतो. म्हणजे ते मोमिजी आणि त्या पायऱ्या बघताना आपण खरं तर विस्थापित देवाच्या दारात उभे असतो.

आणि ती मूर्ती! लोखंडाची ओतीव, कामाकुरा काळातली, म्हणजे सातशे-साडेसातशे वर्षं जुनी. फुदो म्योओ. हा फुदो म्हणजे आपला अचल, संस्कृतातून चिनीत आणि तिथून जपानीत गेलेलं नाव, फुदो म्हणजे न हलणारा. हातात तलवार आणि पाश, मागं ज्वाळा, चेहरा रागावलेला. त्याच्यापुढं जो विधी करतात त्याला गोमा म्हणतात, तो शब्द म्हणजे आपला होम. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या दोन मिनिटं काहीच बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "म्हणजे आपलाच की गं." मूर्ती एरवी बंद दाराआड असते, महिन्याच्या ८, १८ आणि २८ तारखेला दार उघडतात. नोव्हेंबरात १८ आणि २८ दोन्ही तारखा रंगाच्या दिवसात पडतात, तेव्हा रजा टाकणार असालच तर कॅलेंडर बघून टाका.

पायऱ्यांच्या दोन्ही कडेला फुदोच्या ३६ बालसेवकांचे छोटे पुतळे आहेत. पहिल्यांदा पानांकडे बघण्यात मला ते दिसलेच नव्हते. दुसऱ्या खेपेला पावसाची भुरभुर होती, वर फार बघता येत नव्हतं, तेव्हा एका पुतळ्याच्या ओंजळीत चार लाल पानं साचलेली दिसली आणि त्यावर पाणी. कुणी ठेवली होती की पडली होती कोण जाणे. देवळाजवळ मातीच्या छोट्या बशा विकत मिळतात, त्या खाली दरीतल्या कड्यावर नेम धरून फेकायच्या, इडापीडा टळते म्हणे. माझा नेम आजवर एकदाही लागलेला नाही.

केबल कार न घेता चालत जाता येतं का?

येतं. खालच्या स्टेशनपासून दोन वाटा, ओतोको-झाका म्हणजे पुरुषांची चढण, ती उभी आणि रुक्ष, आणि ओन्ना-झाका म्हणजे बायकांची चढण, ती ओयामादेरावरून जाते आणि वाटेत सात आश्चर्यं म्हणून दगड, झरे असं काय काय दाखवलेलं असतं. दोन्हींना साधारण चाळीस मिनिटं धरा. नावावर जाऊ नका, बायकांची वाट पण दमवते. माझा फॉर्म्युला : जाताना केबल कारने थेट वर, येताना ओन्ना-झाकाने ओयामादेरापर्यंत पायी, तिथं हवं तेवढं थांबायचं, मग तिथून गाडीने किंवा चालत खाली. पानं ओली असतील तर पायी उतरू नका, त्या दगडांवर शेवाळ असतं.

देव कुठला? मूर्ती का दिसत नाही?

वरचं जे देऊळ आहे ते खालचं देऊळ म्हणवतात, शिमोशा, म्हणजे साधारण ७०० मीटरवर, आणि खरं मुख्य देऊळ माथ्यावर. देव तीन : डोंगरांचा देव ओयामात्सुमी, पाऊसपाण्याचा ताकाओकामी आणि विजांचा ओइकाझुची. मूर्ती नाही. शिंतो देवळात बहुतेक ठिकाणी आरसा, तलवार अशी एखादी वस्तू गाभाऱ्यात असते आणि ती दाखवत नाहीत. इथं तर मुळात पूजा सुरू झाली ती माथ्यावरच्या एका शिळेची, म्हणून मेइजीच्या आधी देवाला सेकिसोन म्हणायचे, म्हणजे पूज्य शिळा. तांदळा असतो ना आपल्याकडे, तसंच समजा.

सासूबाई पहिल्यांदा अंगणात उभ्या राहून बराच वेळ आत डोकावत होत्या. "अगं, दर्शन कुणाचं घ्यायचं?" मी म्हटलं, मागं वळा, हा सगळा डोंगर. त्या वळल्या तर समोर आख्खा सागामी उपसागर, एनोशिमा बेट, मिउरा द्वीपकल्प, दुपारच्या उन्हात चमचमत. तिथल्या देखाव्याला मिशलिनच्या ग्रीन गाइडने दोन तारे दिलेत, ते तारे खाण्याचे नाहीत, बघण्याचे.

दर्शनाची पद्धत?

सोपी आहे. लाकडी किंवा दगडी कमानीतून, म्हणजे तोरीईतून, आत जाताना थोडं वाकायचं आणि मधून न जाता कडेने चालायचं, मध्य देवाचा. पाण्यापाशी डावा हात, उजवा हात, मग ओंजळीत घेऊन चूळ, परत डावा हात. पळीला तोंड लावायचं नाही. पुढं पेटीत नाणं टाकायचं, ५ येनचं टाकतात कारण गो-एन म्हणजे पाच येन आणि गो-एन म्हणजेच ऋणानुबंध. मग दोनदा वाका, दोनदा टाळी, हात जोडून मनात बोला, एकदा वाका. ओयामादेराला मात्र टाळी नाही, ते बौद्ध, तिथं नुसते हात जोडायचे. चप्पल-बूट काढायचे नाहीत, बाबा दरवेळी काढायला जातात आणि मला ओरडावं लागतं. प्रदक्षिणा नसते.

पाळी आलेली असताना किंवा सुतकात चालतं का?

हा प्रश्न मला खासगीत सगळ्यात जास्त येतो, म्हणून उघड उत्तर देते. कुणी विचारत नाही, कुठं पाटी नाही, जा. पूर्वी मात्र बायकांना माथ्यावर बंदीच होती, ठराविक जागेच्या पुढं जायचं नाही. सरकारने अशी बंदी देशभर १८७२ ला उठवली. सुतकाचं म्हणाल तर त्यांच्यातही आहे, घरात कुणी गेलं की साधारण पन्नास दिवस शिंतो देवळात जात नाहीत. आमच्या शेजारच्या आजी नवरा गेल्यावर आमच्याबरोबर आल्या होत्या पण तोरीईच्या बाहेर बाकावर बसून राहिल्या, आम्ही खाली येईपर्यंत. ओयामादेराला आल्या आत.

माथ्यावर जायलाच हवं का?

नाही. पण पाय धड असतील तर जा. खालच्या देवळाच्या डावीकडं एक दरवाजा आहे, तिथून चढण सुरू होते आणि पहिल्याच पायऱ्या इतक्या उभ्या की निम्मे लोक तिथंच "आपण चहा घेऊया" म्हणतात. तिथून माथा दीड तास. वाटेवर टप्प्यांचे दगड आहेत, माथा २८ वा, त्यामुळं अजून किती राहिलं हे कळत राहतं आणि ते दर वेळी बरंच राहिलेलं असतं. आठव्या टप्प्याशी जोडीचा देवदार आहे, नवरा-बायको म्हणतात त्याला.

एदो काळात, म्हणजे तोक्योचं नाव एदो होतं तेव्हा (१६०३ ते १८६८), हा दरवाजा वर्षातून फक्त उन्हाळ्यात उघडायचा, जुन्या चांद्र पंचांगाच्या सहाव्या महिन्याच्या २७ पासून सातव्याच्या १७ पर्यंत. आजही २७ जुलैला दार उघडण्याचा मान तोक्योतल्या निहोनबाशीच्या एका भक्तमंडळाकडं आहे, पिढ्यानपिढ्या. बाकी वर्षभर दाराची एक फळी उघडी ठेवतात, तिथून आपण जायचं.

वेळेचं गणित नीट करा. नोव्हेंबरात सूर्य साडेचारला मावळतो आणि देवदारांच्या जंगलात त्याच्या आधीच अंधारतं. खालच्या देवळातून अकराच्या आत चढायला लागा, उशिरात उशिरा साडेअकरा. मी एकदा एक वाजता निघाले, मोठ्या शहाणपणाने, आणि उतरताना मोबाईलच्या टॉर्चवर पायऱ्या शोधत आले, केबल कार गेलेली, मग ओतोको-झाका अंधारात. नवरा अजून काढतो तो विषय. बूट ग्रिपवाले, एक जास्तीचं जॅकेट, माथ्यावर इसेहारापेक्षा सहा-सात डिग्री कमी असतं आणि वारा वेगळा.

फुजी दिसतो का?

विसाव्या टप्प्याशी फुजीमी-दाई म्हणून जागा आहे, हवा स्वच्छ असेल तर तिथून दिसतो, बर्फाची टोपी घालून. सकाळी चान्स जास्त. दुपारनंतर याच डोंगराचं नाव काय आहे ते आठवा.

जळवा, अस्वलं?

जळवा आहेत. तानझावात हरणं भरपूर आणि त्यांच्याबरोबर जळवा, पण त्या उकाड्यात आणि ओलीत जास्त, नोव्हेंबरच्या शेवटी थंडी पडली की बऱ्याच कमी होतात. पावसानंतर लगेच गेलात तर मोजे पँटवर ओढून घ्या. ताम्हिणीच्या पावसाळ्यात फिरलेल्यांना यात नवीन काही नाही. काळं अस्वल या भागात आहे, रुळलेल्या वाटेवर एकटं नसताना सहसा प्रश्न येत नाही, पण बॅगेला घंटी लावा आणि एकटे असाल तर अंधार करू नका.

शाकाहारी माणसानं खायचं काय?

इथं जरा नीट वाचा. ओयामा प्रसिद्ध आहे तोफूसाठी. डोंगराचं पाणी चांगलं, आणि पूर्वी भाविक पैशाऐवजी सोयाबीन वगैरे धान्य द्यायचे असं सांगतात, त्या सोयाबीनचं करणार काय, तोफू. कोमा-सांदोत तोफूचीच पाच-सहा ते दहा-बारा पदार्थांची ताटं मिळतात : गरम पाण्यातला युदोफू, तळलेला, तिळाचा, सोयाबीनच्या दुधावरची साय म्हणजे युबा. आपल्या माणसाला वाटतं, वा, सगळं तोफू म्हणजे सगळं व्हेज.

नाही हो. दाशी. ज्या पाण्यात तो तोफू शिजतो, ज्या रसात तो बुडवतात, त्यात बहुतेक वेळा कात्सुओ असतो, सुकवलेला मासा. वरून जे गुलाबी कागदासारखे पापुद्रे हलताना दिसतात तेही तेच. पहिल्यांदा आम्ही अर्धं ताट संपवल्यावर बाबांनी विचारलं, याला खमंग वास कशाचा येतोय. मी गप्प बसले. आता बसते का नाही, हे विचारू नका.

करायचं असं : जायच्या आदल्या दिवशी दुकानाला फोन करा किंवा कुणा जपानी बोलणाऱ्याला करायला लावा, "कात्सुओ दाशी नको, कोंबू दाशी चालेल" एवढं वाक्य पुरतं. कोंबू म्हणजे समुद्री वनस्पती. काही जागा ऐकतात, काही सरळ नाही म्हणतात, आणि ते नाही म्हणणं चांगलं, कारण फसवत तरी नाहीत. ऐनवेळी गेलात तर थंड तोफू घ्या, त्यावरचे पापुद्रे नको म्हणा, आणि नुसतं सोय सॉस मागा. बाकी गल्लीत भाजलेले दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे मिळतात, सेंबेई म्हणजे तांदळाचे कुरकुरीत बिस्किटासारखे पापड मिळतात, ताजं सोयाबीनचं दूध मिळतं. क्याराबुकी नावाची इथली खासियत आहे, फुकी नावाच्या झाडाचे देठ सोय सॉसमध्ये काळेकुट्ट होईपर्यंत आटवलेले. दिसायला वाळलेल्या काड्या. पण गरम भाताबरोबर, अहाहा, लोणच्याची आठवण येते. पाकिटावर घटक वाचून घ्या.

आम्ही आता सरळ थालीपीठं बांधून नेतो आणि खालच्या देवळाच्या अंगणाबाहेरच्या बाकांवर बसून खातो, आणि तोफू फक्त चवीपुरता. कचरा मात्र पिशवीत घालून घरी आणायचा, वर कचरापेट्या शोधत बसू नका.

देवळाखाली काहीतरी गुहा आहे म्हणतात, ती कुठं?

गुहा नाही, तळघर. खालच्या देवळाच्या समोर उभे राहिलात की उजव्या अंगाने आत जायचा रस्ता आहे, तिकीट नाही, आणि बरेच जण त्याच्यासमोरून तसेच निघून जातात. आत डोंगराचं पाणी येतं, ड्रॅगनच्या तोंडातून, प्यायचं पाणी आहे, बाटली भरून आणता येते. थंडगार, दाताला कळ येते. बाबांनी दोन लिटरच्या दोन बाटल्या भरल्या आणि चार किलो वजन खाली मी उचललं.

आणि तिथंच लाकडी तलवारी ठेवलेल्या आहेत. मिनामोतो नो योरितोमो, कामाकुराचा पहिला शोगुन म्हणजे लष्करी सत्ताधीश, त्याने युद्धात यश मिळावं म्हणून इथं तलवार वाहिली असं म्हणतात, मग एदोच्या साध्या लोकांनी, सुतार, गवंडी, आग विझवणारे, अशांनी लाकडाच्या वाहायला सुरुवात केली, आणि मग कुणाची मोठी यावर चढाओढ. काही तर माणसाच्या कितीतरी पट लांब, खांद्यावर घेऊन एदोहून चालत यायचे.

इतके लोक का यायचे पण?

कारण फुजी लांब आणि तिकडं जायला परवानगीची कटकट, ओयामा मात्र एदोहून दोन-तीन दिवसांत गाठता यायचा. एदोची वस्ती दहा लाखाच्या आसपास होती तेव्हा वर्षाला दोन लाख माणसं इथं यायची असं सांगितलं जातं. एकेकटे नाही, मंडळं करून यायचे, त्याला कोऊ म्हणतात, दर महिन्याला थोडी वर्गणी आणि वर्षाला आपल्या पाळीने निघायचं. खाली त्यांची उतरायची घरं ठरलेली, त्या घरातल्या मार्गदर्शकाला सेन्दोशी म्हणतात, तो जेवू-झोपू घालणार, पूजा करवणार, कुठल्या गावची मंडळी आली ते वहीत लिहिणार. त्र्यंबकेश्वरला गेल्यावर आपला उपाध्याय आपल्या आज्याचं नाव वहीतून काढून दाखवतो ना? त्यातली काही घरं आजही चालू आहेत, कोमा-सांदोच्या खालच्या बाजूला रस्त्यावर दगडी कुंपणांवर मंडळांची नावं कोरलेली दिसतील.

तोक्योतला २४६ नंबरचा हायवे आहे ना, शिबुयावरून जाणारा, तो बराचसा जुन्या ओयामा रस्त्यावरूनच जातो. २०१६ ला या ओयामा यात्रेला जपानचा वारसा म्हणून मान्यता मिळाली.

लाईट-अप असतो म्हणे?

असतो, म्हणजे रात्री लाल पानांवर दिवे सोडतात, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात काही दिवस, ओयामादेरा आणि खालचं देऊळ दोन्हीकडं, त्या दिवसात केबल कार उशिरापर्यंत चालते. बघायला सुरेख, परतीला हाल. खाली बसची रांग वळसे घालते. लाईट-अप बघायचा असेल तर दुपारी दोनला पोचा, सकाळचं सोडून द्या, दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर संध्याकाळपर्यंत पोरं रडतात आणि मोठे भांडतात.

पोरांना घेऊन जाऊ का?

न्या. १५ नोव्हेंबरच्या आसपास शिचि-गो-सान असतं, तीन, पाच आणि सात वर्षांच्या पोरांना किमोनो घालून देवळात आणतात, मग अंगणात छोट्या छोट्या पायांनी पायऱ्या चढणारी ती पोरं आणि मागं किमोनोचं टोक उचलून धावणारे बाप. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

पाऊस पडला तर कॅन्सल करायचं?

माथा कॅन्सल करा, ट्रिप नको. धुक्यात ओयामादेराच्या पायऱ्या उन्हापेक्षा चांगल्या दिसतात, आणि गर्दी नसते. तरी जोराचा पाऊस असेल तर घरीच बसा, हा उताराचा डोंगर आहे, १९२३ च्या मोठ्या भूकंपानंतर दोन आठवड्यांनी, १५ सप्टेंबरला, पावसाने सैल झालेला चिखल-दगडांचा लोंढा याच दरीतून गावात उतरला होता.

आठवण म्हणून काय आणायचं?

भोवरा. गल्लीचं नावच त्यावरून आहे, कोमा म्हणजे भोवरा. मिझुकी नावाच्या झाडाच्या लाकडाचा, वर लाल, जांभळ्या, निळ्या रंगाची वर्तुळं, आणि इथले कारागीर अजून हाताने करतात. भोवरा फिरतो तसा पैसा फिरता राहो म्हणून दुकानदार, व्यापारी न्यायचे. मोठे महाग आहेत, बोटाने फिरवायचे छोटे परवडतात. दुकानात एक म्हातारे गृहस्थ लेथवर बसलेले असतात, लाकूड फिरत असतानाच त्याला रंगाची कांडी टेकवतात आणि दोन सेकंदात गोल उमटतो. सासूबाईंनी तिथं उभं राहून पाच भोवरे बघितले, एक घेतला, आणि तो नाशिकला देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवलाय. गेल्या वेळी फोन केला तेव्हा म्हणाल्या, आणखी दोन आण, शेजारच्या पोरानं मागितलाय.